थिसिअसचे जहाज आणि कबनूरचा माग

हातकणंगले तालुक्यातील कबनूर हे इचलकरंजीला लागून असलेले यंत्रमागाचे गाव. साध्या मागाचे सुटे भाग झिजतील तसे बदलले जातात. बहुतेक भाग बदलल्यावर तो माग जुना म्हणावा की नवा? ग्रीक तत्त्वज्ञांनी हाच प्रश्न एका जहाजाविषयी विचारला होता.

कोडे काय आहे?

अथेन्सवासीयांनी वीर थिसिअसचे तीस वल्ह्यांचे जहाज जपून ठेवले होते. कुजलेली फळी काढून ते नवी बसवीत. त्यामुळे जहाज तेच की वेगळे, यावर तत्त्वज्ञांत दोन तट पडले, अशी नोंद प्लुटार्कने केली आहे. सतराव्या शतकात इंग्रज विचारवंत थॉमस हॉब्ज याने त्यात भर घातली. काढलेल्या फळ्या जोडून दुसरे जहाज उभारले, तर खरे कोणते?

वस्तूचे सत्त्व द्रव्यात, रचनेत की कार्यात मानायचे, यावर उत्तर ठरते. नवे घडविणाऱ्यालाही प्रथम हेच ठरवावे लागते.

मागाचे सत्त्व

विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत 1904 मध्ये पहिला यंत्रमाग सुरू केला. तेव्हा हाताची जागा यंत्रशक्तीने घेतली. धोटा मात्र कायम राहिला. 2017 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या 'पॉवरटेक्स इंडिया' योजनेत साध्या मागाला धागा तुटताच तो थांबविणारी साधने बसविण्यास साहाय्य होते. कापडातील दोष कमी करणारी ही सुधारणा म्हणजे फळी बदलणेच होय.

रेपिअर व एअरजेट मागांचे तसे नाही. रेपिअर आडवा धागा पकडून नेतो, एअरजेट तो हवेच्या झोताने फेकतो. धोटाच गेल्याने वेग वाढतो आणि कांडी भरण्याचे कामही संपते. उभ्या धाग्यांतून आडवा धागा ओवणे हे मूळ कार्य तेवढे उरते.

निर्णयाची कसोटी

धोट्यालाच माग मानणारा कारखानदार सुटे भाग बदलत राहील. विणण्याला माग मानणारा धोटा सोडू शकेल. मात्र त्यासाठी मोठे भांडवल लागते आणि कांडीवाल्याच्या रोजगाराचा प्रश्न उभा राहतो. सूत पारखण्याचे, कापडातील दोष ओळखण्याचे कामगाराचे कौशल्य नव्या मागावरही उपयोगी पडते. जुना माग भंगारात घालताना हे कौशल्य प्रशिक्षणाद्वारे टिकविले, तरच त्या बदलाला सुधारणा म्हणता येईल.