निदानाच्या कामी संगणक : आरंभीचा कालखंड

रुग्णाच्या तक्रारी, तपासणीत आढळलेली चिन्हे आणि प्रयोगशाळेचे अहवाल यांवरून रोगापर्यंत पोहोचण्याची डॉक्टरची विचारप्रक्रिया गणिताच्या साहाय्याने मांडता येते, हे रॉबर्ट लेडली आणि ली लस्टेड यांनी 1959 साली ‘सायन्स’ या अमेरिकी नियतकालिकातील लेखात दाखवून दिले. वैद्यकीय निर्णयांना साहाय्य करणाऱ्या संगणकप्रणालींचा इतिहास बहुधा याच लेखापासून सांगितला जातो. तर्कशास्त्राबरोबरच अठराव्या शतकातील इंग्लिश गणिती टॉमस बेझ याच्या सिद्धान्ताला त्यात महत्त्वाचे स्थान होते. एखादा रोग मुळात किती प्रमाणात आढळतो आणि तो झालेल्या व न झालेल्या लोकांत एखादे लक्षण किती जणांना दिसते, हे ठाऊक असल्यास ते लक्षण असणाऱ्या रुग्णाला तो रोग असण्याची संभाव्यता काढता येते, असे हा सिद्धान्त सांगतो.

या विचाराची गाजलेली कसोटी इंग्लंडमधील लीड्स येथे पाहण्यात आली. पोटात अचानक तीव्र वेदना सुरू झालेल्या रुग्णाबाबतचा निर्णय शल्यचिकित्सकाला अवघड जातो; कारण अपेंडिक्सला सूज असताना शस्त्रक्रिया लांबली, तर ते फुटण्याचा धोका असतो आणि सूज नसताना पोट उघडले, तर रुग्णाला ते विनाकारण सोसावे लागते. एफ. टी. डी डॉम्बल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्वीच्या रुग्णांच्या नोंदींवरून काढलेल्या संभाव्यता संगणकाला पुरवल्या. 1972 साली प्रसिद्ध झालेल्या 304 रुग्णांच्या अभ्यासात संगणकाचे निदान 91.8 टक्के रुग्णांत, तर त्या त्या रुग्णाला पाहणाऱ्या ज्येष्ठतम डॉक्टरचे निदान 79.6 टक्के रुग्णांत बरोबर ठरले. तथापि या आकड्यांइतकीच मोलाची गोष्ट पुढे आढळली : माहिती आखीव तक्त्यात नोंदवण्याची शिस्त लागल्यावर आणि आपल्या निदानांचा पडताळा मिळू लागल्यावर डॉक्टरांचे स्वतःचे निदानही सुधारले. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या, आठ केंद्रांतील 16,737 रुग्णांच्या अभ्यासात प्राथमिक निदानाची अचूकता 45.6 टक्क्यांवरून 65.3 टक्क्यांवर गेली.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात 1970 च्या दशकात एडवर्ड शॉर्टलिफ यांनी वेगळा मार्ग धरला. रक्तातील गंभीर जंतुसंसर्गावर योग्य प्रतिजैविक सुचवणारी त्यांची ‘मायसिन’ ही प्रणाली तज्ज्ञांकडून मिळवलेल्या शेकडो नियमांवर चालत असे. अमुक निरीक्षणे असतील, तर अमुक जंतू असण्याची शक्यता इतकी, असे त्या नियमांचे स्वरूप होते आणि दिलेल्या सल्ल्यामागचे कारणही ती सांगू शकत असे. 1979 साली प्रसिद्ध झालेल्या, मेंदूआवरणदाहाच्या रुग्णांवरील चाचणीत बाहेरील तज्ज्ञांनी तिच्या सल्ल्याला स्टॅनफर्डच्या अध्यापकांच्या तोडीचे मानले. तरीही रुग्णसेवेत ती रूढ झाली नाही. रुग्णालयातील नोंदींशी जोडलेली नसल्याने तिला सर्व माहिती प्रश्नोत्तरांतून स्वतंत्रपणे पुरवावी लागे, आणि एवढा वेळ कामाच्या घाईत असलेल्या डॉक्टरकडे नसे.

ही उणीव जेथे नव्हती, तेथे साधी प्रणालीही उपयोगी पडली. इंडियानापोलिस येथील क्लेमेंट मॅकडॉनल्ड यांनी संगणकात साठवलेल्या रुग्णनोंदींवरून डॉक्टरांना स्मरणसूचना देण्याची व्यवस्था केली. एखादे औषध चालू असताना आवश्यक तपासणी राहून गेली, तर तशी सूचना डॉक्टरच्या हाती येई. 1976 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, कार्यवाही आवश्यक असलेल्या प्रसंगांपैकी सूचना मिळाल्यावर 51 टक्के प्रसंगांत, तर सूचना नसताना 22 टक्के प्रसंगांतच डॉक्टरांनी ती केली. डॉक्टरांकडून होणाऱ्या अशा चुका अज्ञानातून कमी आणि मानवी अवधानाच्या मर्यादेतून अधिक होतात, असा निष्कर्ष मॅकडॉनल्ड यांनी काढला. औषधाची मात्रा चुकल्यास किंवा दोन औषधे परस्परांना बाधक असल्यास इशारा देणाऱ्या आजच्या प्रणाली याच परंपरेतील आहेत.

या तिन्ही प्रयोगांतून एकच गोष्ट सिद्ध होते. प्रणालीची उपयुक्तता तिच्या बुद्धिमत्तेवर जितकी अवलंबून असते, तितकीच ती नोंदींच्या शिस्तीवर आणि सल्ला योग्य क्षणी हाती येण्यावरही अवलंबून असते. म्हणून कोणत्याही नव्या प्रणालीचे मूल्यमापन करताना तिने डॉक्टरवर मात केली की नाही, यापेक्षा तिच्या साहाय्याने डॉक्टरचा निर्णय सुधारला का आणि रुग्णाचे हित साधले का, हेच पाहिले पाहिजे.