एका वर्षाची कीर्द: गेमवर गेलेल्या २४,४९२ रुपयांचा इतिहास

आज आपण इतिहास बघणार आहोत, आणि त्याचं साधन आहे माझं स्वतःचं बँक स्टेटमेंट. हसू नका. शेवटपर्यंत ऐका, मग तुमचं उघडून बघा.

झालं असं, की डिसेंबर २०२४ मध्ये बाबांचा फोन आला. रत्नागिरीजवळ आमची छोटी नारळी-पोफळीची वाडी आहे. विहिरीवरचा पंप जळला होता. नवीन घ्यायला साधारण वीस हजार लागणार होते. मी म्हणालो, "बाबा, आत्ता जरा टाइट आहे, मार्चनंतर बघू." बाबा म्हणाले, "राहू दे रे, वाइंडिंग करून घेतो." विषय संपला.

एप्रिलमध्ये टॅक्सचे कागद जमवताना मी वर्षभराचं स्टेटमेंट एक्सेलमध्ये टाकलं आणि सहज गेमिंगचा फिल्टर लावला. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५. नोंदी १२०, बेरीज ₹२४,४९२.

मी दोनदा बेरीज तपासली. मनातला आकडा होता सात-आठ हजार! मी रोज डेटाबेसवर काम करतो. तरीही माझा स्वतःचा अंदाज तिपटीने चुकला कसा? त्याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागेल.

आधी दोन जुने शब्द. मराठेशाहीतले कारकून दिवसभराचा जमाखर्च ज्या वहीत तारीखवार लिहायचे ती कीर्द, म्हणजे रोजकीर्द. मग त्याच नोंदी खात्यांप्रमाणे वेगळ्या काढायच्या, ती खतावणी. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतल्या अशा हिशेबांचे ढीग आहेत. बँक स्टेटमेंट ही माझी कीर्द. खतावणी मात्र मी कधी केलीच नव्हती.

आता चला पार्लरमध्ये.

१९७२ मध्ये अमेरिकेत 'पाँग'चं पहिलं मशीन एका बारमध्ये ठेवलं, तेव्हापासून या धंद्याचा पाया एकच होता: नाणं टाका, खेळा, हरलात की परत टाका. आपल्याकडे हे मशीन पोचलं ते व्हिडिओ गेम पार्लरमधून. माझा मामा नव्वदच्या दशकात कॉलेजला होता. एक रुपयाचं नाणं घेऊन 'मुस्तफा' खेळायला जायचा. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमचा १९९३ चा गेम. पण त्यात मुस्तफा नावाचं पात्र होतं आणि आपल्या पोरांनी अख्ख्या गेमचं बारसं त्याच्याच नावाने करून टाकलं.

मेलात की स्क्रीनवर उलटे आकडे सुरू व्हायचे. दहा, नऊ, आठ… शून्याच्या आत नाणं टाकलं तर तिथूनच पुढे, नाहीतर सगळं पहिल्यापासून. गेम किती कठीण ठेवायचा हे मालक मशीनच्या आतल्या सेटिंगमधून ठरवू शकायचा. म्हणजे पोराच्या खिशातून नाणं काढायची युक्ती तेव्हाही होतीच. त्या जमान्याला उगाच साधंभोळं समजू नका.

पण एक गोष्ट होती. मामा सांगतो, "पाच रुपये घेऊन गेलो, की खिशात हात घातला तरी कळायचं किती उरले." खिसा रिकामा झाला की खेळ संपला. एवढंच त्याचं बजेट. सरकारही मोजत होतं बरं का! १९२३ च्या करमणूक शुल्काच्या कायद्याखाली महाराष्ट्रात व्हिडिओ गेमवरही शुल्क होतं.

मग खेळ घरात आला. जपानच्या निन्टेंडोने १९८३ मध्ये फॅमिकॉम काढला आणि त्याच्या नकला आपल्याकडे टीव्हीला जोडल्या जाऊ लागल्या. '९९९९ इन १' लिहिलेली कॅसेट, आत खरे गेम मोजकेच, बाकी तेच तेच. चालली नाही की फुंकर मारायची. इथे पैसे एकदाच जायचे, आणि तेही आई-बाबांकडून, परीक्षेच्या मार्कांवर भांडून मिळालेले. म्हणजे खर्चाच्या आधी घरात चर्चा व्हायची.

त्यानंतर सायबर कॅफे. हे माझं बालपण. काउंटर-स्ट्राइक, व्हाइस सिटी, मोस्ट वाँटेड. इथे भाडं तासाचं. दादा मागून ओरडायचा, "पाच मिनिटं राहिली!" हिशेब घड्याळ करत होतं.

नाणं, आई-बाबा, घड्याळ. तिन्ही वेळी पैसा जाताना कुणीतरी बघत होतं. पुढे हे बघणारेच एकेक करून बाजूला झाले.

२००६ मध्ये बेथेस्डाने 'ऑब्लिव्हियन' या गेममध्ये घोड्याचं चिलखत विकायला काढलं. किंमत अडीच डॉलर. लोक जाम चिडले, अजूनही त्यावर मीम्स बनतात. चिडले, तरी विकत घेणारेही निघाले. अख्खा गेम विकण्याऐवजी गेममधली वस्तू विकता येते, हे सगळ्या कंपन्यांना कळलं.

भारतात हे धरलं ते २०१६ नंतर. एप्रिलमध्ये यूपीआय, सप्टेंबरमध्ये जिओ, नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी. २०१८ मध्ये पब्जी मोबाइल आला, तोही फुकट! २ सप्टेंबर २०२० ला सरकारने त्यावर बंदी घातली, जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, वर्षभराने तोही दुकानांतून हटला आणि मे २०२३ मध्ये परतला. एवढ्या उलथापालथीत एक सवय मात्र टिकली: आधी रुपये देऊन गेममधलं चलन घ्यायचं, मग त्या चलनाने वस्तू. पब्जीत त्याचं नाव यूसी. एकदा रुपयाचं यूसी झालं, की ३०० यूसी म्हणजे किती रुपये याचा विचार खेळताना कोण करतं? ना नाणं, ना आई, ना घड्याळ. फक्त अंगठा.

आता माझी खतावणी ऐका.

कॉम्प्युटरवरचे ११ गेम, बहुतेक सेलमध्ये: ₹७,८९०. त्यातले खेळलो फक्त चार. एक सबस्क्रिप्शन, महिना ₹३९९ प्रमाणे ₹४,७८८, प्रत्यक्ष वापरलं दोन महिने. एका मोबाइल गेममधल्या ९६ खरेद्या: ₹११,२१४, म्हणजे सरासरी ११७ रुपये. आणि गणपतीत चुलत भावंडांबरोबर रत्नागिरीतल्या गेमिंग पार्लरमध्ये एक संध्याकाळ: ₹६००.

आता इंजिनिअरची खोड म्हणून तासाचा दर काढला. मामाच्या एका रुपयात सरासरी पाच मिनिटं धरली तर तासाला बारा रुपये. मी ४८० रुपयांना घेतलेला एक गेम ९० तास खेळलो. म्हणजे तासाला साडेपाच रुपयांच्या आत! महागाई न धरताही मामापेक्षा स्वस्त. तेव्हा गेमिंग हा महागडा शौक आहे, हे सरसकट विधान माझ्या आकड्यांपुढे टिकत नाही.

महाग पडल्या त्या ९६ नोंदी. त्यांतून काय घेतलं ते मी आठवून लिहायला बसलो. नऊ वस्तू आठवल्या. पार्लरमधली ती सहाशे रुपयांची संध्याकाळ मात्र मिनिटामिनिटाला आठवते, कोण हरलं आणि वडापाव कुणी दिला तेही.

सरकारांनी यात हात घातलाय. चीनने २०१९ मध्ये अल्पवयीन मुलांच्या महिन्याच्या गेमिंग खर्चाला मर्यादा घातली, आठ ते सोळा वर्षांच्या मुलांना २०० युआन. बेल्जियमने २०१८ मध्ये लूट बॉक्सला जुगार ठरवलं. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा झाला आणि पैसे जिंकण्याच्या आशेने पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद झाले. पण मी काही जिंकायला पैसे लावत नव्हतो. मी स्किन घेत होतो. माझ्यासारख्या सज्ञान, कमावत्या माणसाला त्यातून वाचवायला कुठला कायदा येणार?

आणि आता डिसेंबर. पंपाचा फोन आला त्याच महिन्यात माझ्या कीर्दीत मोबाइल गेमच्या १९ नोंदी आहेत. मी बाबांशी खोटं बोललो नव्हतो. मला खरंच वाटत होतं, की टाइट आहे. पैसे कुठे जातायत हे माहीत नसलं, की माणूस अगदी प्रामाणिकपणे चुकीचं बोलतो.

वाइंडिंग केलेला पंप पुन्हा जळला, ऐन एप्रिलच्या उन्हात. काही पोफळी सुकल्या. नवा पंप मी मेमध्ये घेऊन दिला. बाबा काहीच बोलले नाहीत, फक्त बटण दाबून पाण्याची धार बघत उभे राहिले.

गेम मी सोडलेले नाहीत. फोनमधून सेव्ह केलेलं पेमेंट काढून टाकलंय. प्रत्येक खरेदीला आता सगळे आकडे नव्याने टाइप करावे लागतात, आणि एक साधी वही केलीय. तीन महिन्यांत मोबाइल गेमच्या नोंदी झाल्या चार.

तर मंडळी, एपिसोड संपला की प्ले स्टोअरमध्ये जा, ऑर्डर हिस्टरी उघडा आणि बेरीज करायच्या आधी तुमचा अंदाज कागदावर लिहा. दोन आकड्यांत किती फरक आला, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!