जीमेल भरलं? डिलीट करण्याआधी सगळे मेल संगणकावर असे उतरवा

मुर्री (ता. गोंदिया) : भरतीचा फॉर्म भरला, फी कापली गेली, पण हॉल तिकिटाचा मेल काही आला नाही. "मेल येऊनच नाही राहिला" अशी तक्रार असली की पहिला संशय पोर्टलवर जातो. बरेचदा कारण हातातल्या मोबाईलमध्येच असतं: जीमेलची जागा भरलेली असते. गोंदिया शहराला लागून असलेल्या मुर्रीपासून दूरच्या सालेकसा, देवरीपर्यंत आता बँकेचं स्टेटमेंट, विम्याची पॉलिसी, कॉलेजची पत्रं सगळं मेलवरच येतं. अशा वेळी घाईने जुने मेल उडवले तर कामाचा कागदही जातो. म्हणून आधी प्रत काढायची, मग जागा करायची.

जागा भरते कशी?

गूगल प्रत्येक खात्याला १५ जीबी जागा मोफत देते. पण ती फक्त मेलसाठी नसते. जीमेल, गूगल ड्राइव्ह आणि गूगल फोटो या तिघांची मिळून ती एकच जागा आहे. अँड्रॉइड फोनमधल्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. लग्नाचे व्हिडिओ आपोआप वर चढत राहतात आणि एक दिवस मेल येणं-जाणं बंद होतं. आलेला मेल पाठवणाऱ्याकडे परत जातो.

याशिवाय दोन वर्षं अजिबात न वापरलेलं खातं गूगल बंद करून त्यातला मजकूर काढून टाकू शकते.

पहिला मार्ग : गूगल टेकआउट

यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, मागणी मोबाईलवरूनही करता येते.

१. ब्राउझरमध्ये टेकआउट डॉट गूगल डॉट कॉम उघडावं.
२. आधी सगळ्या खुणा काढून फक्त 'मेल'वर खूण करावी. हवं असल्यास ठरावीक लेबलच निवडता येतं.
३. फाइल 'ड्राइव्हमध्ये ठेवा' हा पर्याय घेऊ नये. जागा आधीच भरलेली असते, ती आणखी भरेल.
४. फाइल तयार व्हायला काही तास, कधी काही दिवस लागतात. लिंक मेलवर येते. मेल येणंच बंद असेल तर टेकआउटच्या पानावर जाऊन पाहावं. लिंक साधारण आठवडाभरच चालते.

मिळणारी फाइल 'एमबॉक्स' प्रकारची असते. शेकडो मेल एकाच फाइलमध्ये एकाखाली एक ठेवलेले असतात. नोटपॅडमध्ये उघडली तर मराठी मजकुराच्या जागी बहुतेक वेळा इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइल खराब झालेली नसते, ती वाचायला मेलचं सॉफ्टवेअर लागतं.

दुसरा मार्ग : थंडरबर्ड

थंडरबर्ड हे २००४ पासूनचं मोफत सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं. त्यात आपला मेल आयडी टाकला की गूगलची खिडकी उघडते, तिथे लॉगिन करून परवानगी द्यायची. मग मेल संगणकावर उतरू लागतात. हजारो मेल असतील तर वेळ लागतो. सगळे उतरेपर्यंत थांबावं.

त्यानंतर थंडरबर्डमधूनच 'इम्पोर्ट एक्स्पोर्ट टूल्स एनजी' हे मोफत अ‍ॅड-ऑन जोडावं. फोल्डरवर माऊसचं उजवं बटन दाबलं की अख्खं फोल्डर एकदम बाहेर काढता येतं. टेकआउटची एमबॉक्स फाइलही यानेच उघडता येते. बाहेर काढताना प्रकार निवडावा लागतो:

• ईएमएल : प्रत्येक मेलची वेगळी फाइल. पाठवणारा, तारीख, वेळ, जोडलेले कागद सगळं मूळ रूपात राहतं.
• पीडीएफ : मोबाईलवर वाचायला, प्रिंट काढायला सोपं.
• यादी : कोणाचा मेल, कधीचा, विषय काय, याचा तक्ता.

पैशाचा किंवा जमिनीचा वाद असेल तर फक्त स्क्रीनशॉटवर विसंबू नये, ईएमएल प्रतही ठेवावी आणि मूळ मेल डिलीट करू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असा पुरावा कोर्टात देताना प्रमाणपत्रही जोडावं लागतं. त्यासाठी वकिलाचा सल्ला घ्यावा.

फाइली लावायच्या कशा?

आधी वर्ष, मग विषय अशी फोल्डर करावीत: '२०२४', त्यात 'बँक', 'शेती', 'भरती', 'शाळा'. जीमेलमधलं 'ऑल मेल' आणि 'इनबॉक्स' दोन्ही बाहेर काढले तर तेच मेल दोनदा येतात. एकच घ्यावं. एक प्रत संगणकावर आणि दुसरी पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर ठेवावी.

या चुका टाळा

• थंडरबर्डमध्ये मेल डिलीट केला की मोबाईलमधूनही जातो. आधी प्रतीतले पाच-दहा मेल उघडून पाहावेत, जोडलेला कागद उघडतो का तपासावं, मगच मूळ मेलला हात लावावा.
• डिलीट केलेला मेल ३० दिवस 'ट्रॅश'मध्ये राहतो. तो रिकामा होईपर्यंत जागा मोकळी होत नाही.
• सेवा केंद्र किंवा कॅफेच्या संगणकावर काम केलं तर उठण्याआधी खातं आणि उतरवलेल्या फाइली दोन्ही काढाव्यात.
• 'सगळे मेल एका क्लिकमध्ये' म्हणणाऱ्या अनोळखी सॉफ्टवेअरला पासवर्ड देऊ नये. ओटीपी कोणालाच सांगू नये. पैशाची फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करावा.

फॉर्म भरण्याच्या दिवसांत आठवड्यातून एकदा गूगल खात्यात किती जागा उरली हे पाहिलं, तर हॉल तिकिटाचा मेल परत जाण्याची वेळ येणार नाही.