फिरता कान

घरातला रेडिओ एका स्टेशनावर बसतो. सकाळी काटा लावला की रात्री बंद करेपर्यंत तो तिथंच. स्कॅनर नावाचा हातात मावणारा संच मात्र कुठंच टिकत नाही. एका चॅनेलवर कुणी बोलत नसेल तर पुढच्यावर, तिथंही सामसूम असेल तर त्याच्या पुढच्यावर. आवाज सापडला की तो संपेपर्यंत थांबायचं आणि पुन्हा चालू लागायचं, एवढंच त्याचं काम. दिसायला दोघे भाऊ वाटतात, पण वाढले वेगळ्या घरांत. रेडिओ दिवाणखान्यात वाढला, स्कॅनर पोलिसांच्या गाडीत.

7 एप्रिल 1928 रोजी अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी गस्तीच्या गाड्यांना रेडिओवरून नियमित निरोप द्यायला सुरुवात केली. निरोप एकतर्फी होता. गाडीतल्या शिपायानं फक्त ऐकायचं, उत्तर द्यायचं असेल तर गाडी थांबवून फोन शोधायचा. पोलिसांची ही केंद्रं पुढे मीडियम वेव्हच्या वरच्या टोकाला लागून बोलू लागली आणि घरातल्या कितीतरी संचांचा काटा तिथवर पोचत असे. मग लोक रात्री गाणी सोडून चोऱ्यामाऱ्या ऐकत बसू लागले. चोरून ऐकण्याची ही गोडी स्कॅनरपेक्षा जुनी आहे; यंत्रानं फक्त तिची सोय केली.

सोय व्हायला चाळीसेक वर्षं लागली. पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका हळूहळू व्हीएचएफ या वरच्या पट्ट्यावर गेल्या. तिथं नेमक्या लहरीवर थांबायला संचात क्वार्ट्झचा क्रिस्टल बसवावा लागे, आणि जितके चॅनेल तितके क्रिस्टल. ऐकणारा बटण फिरवत एकेक चॅनेल तपासायचा. हे फिरवण्याचं काम 1970च्या आसपास इलेक्ट्रॉनिक सर्किटनं अंगावर घेतलं आणि संचाच्या तोंडावर लाल दिवे एकामागून एक धावू लागले. इंडियाना राज्यातल्या इलेक्ट्रा कंपनीनं आपल्या स्कॅनरना ‘बेअरकॅट’ नाव दिलं. त्याच राज्यातली रीजन्सी ही तिची स्पर्धक. 1954 साली बाजारात आलेला पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ याच रीजन्सी नावाचा होता, म्हणजे रेडिओ आणि स्कॅनर या दोन्ही घराण्यांची सोयरीक कुठेतरी झालीच. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात सिंथेसायझर आला. एकाच क्रिस्टलच्या आधारानं हजारो लहरी घडवता येऊ लागल्या, आकडे बोटांनी टाइप करता येऊ लागले, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हे सगळं हातात धरता येईल एवढं झालं.

आपल्याकडे हा वंश वाढला नाही, कारण कायदा आडवा होता. 1933च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी ॲक्टनुसार परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा होता. साध्या घरगुती रेडिओलासुद्धा पोस्टातून परवाना काढून दरवर्षी पैसे भरावे लागत. ही कटकट ऐंशीच्या दशकात संपली. 1978च्या हौशी रेडिओच्या नियमांत ‘शॉर्ट वेव्ह लिसनर’ असा नुसतं ऐकणाऱ्याचा परवाना होता. बोलायचं नाही, फक्त ऐकायचं, आणि त्यालाही सरकारी कागद! आता 1933च्या कायद्याची जागा 2023चा दूरसंचार कायदा घेतो आहे, पण पोलिसांची बोलणी ऐकायला मोकळीक आहे असा अर्थ त्यातूनही कुणी काढू नये.

तरीही लहरी चाळण्याचं काम इथं होतच होतं, फक्त ते माणूस करत होता. 1942 साली उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला. पोलीस लहरी चाळत त्याच्या मागावर, म्हणून केंद्राच्या जागा बदलत राहिल्या. 12 नोव्हेंबरला अखेर धाड पडली. काँग्रेस रेडिओ 42.34 मीटरवर बोले. आजच्या भाषेत हे सुमारे 7.08 मेगाहर्ट्झ होतं, आणि ही जागा आज भारतातल्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, लोकांच्या 7.0 ते 7.2 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात येते. काल जिथं बोलणं राजद्रोह होता, तिथं आज परवाना घेऊन हवापाण्याच्या गप्पा चालतात.

या पट्ट्याचा गुण असा की दिवसा त्याच्या लहरी आयनांबरावरून परतून काहीशे किलोमीटरवर उतरतात. हा गुण आपत्तीत कामी येतो. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. किल्लारी लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. पण हद्दीला लागूनच तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यातला उमरगा तालुका होता, आणि सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही गावं त्यात होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जनाच्या बंदोबस्तानं थकलेले पोलीस नुकते कुठे आडवे झाले होते. दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं गेली, पुढे दोन्ही जिल्ह्यांतली 52 गावं नव्या जागी वसवावी लागली. त्या आपत्तीत हॅम मंडळींनी येऊन संपर्काची केंद्रं उभारली. मोटारीची बॅटरी, झाडावर किंवा बांबूवर ताणलेली तार आणि एक संच एवढ्यावर असं केंद्र चालतं. लांबच्या शहरांसाठी 7 मेगाहर्ट्झ, गावागावांतल्या निरोपांसाठी हातातला व्हीएचएफ संच. बाहेरच्याला वाटतं की यात बोलणारा महत्त्वाचा. खरं तर अशा केंद्रावर बहुतेक वेळ ऐकण्यात जातो, आणि कधी तोंड उघडायचं नाही हे ज्याला कळतं तोच उपयोगी पडतो.

म्हणून हातातला संच वापरायला शिकताना सुरुवात बोलण्यापासून नाही, चॅनेल भरण्यापासूनही नाही, स्क्वेल्चपासून करावी. कुणी बोलत नसताना येणारी खरखर दाबून टाकणारं हे बटण. ते पूर्ण सोडलं तर खरखर चालू राहते आणि तिलाच आवाज समजून संच पहिल्याच चॅनेलवर अडकतो. फार आवळलं तर दूरचा क्षीण आवाज दाराबाहेरच राहतो. चाळणीची भोकं धान्याप्रमाणे निवडावीत तसंच हे: खरखर जिथं नुकती थांबते, त्याच्या केसभर पुढे ठेवावं. हे रोज नव्यानं करावं लागतं, कारण शेजारच्या एलईडी दिव्याचा किंवा सोलर पंपाच्या कंट्रोलरचा गोंगाट रोज सारखा नसतो.

दुसरी गोष्ट पायरीची, म्हणजे दोन थांब्यांमधल्या अंतराची. 144 ते 146 मेगाहर्ट्झ हा हॅमचा पट्टा 25 किलोहर्ट्झच्या पायरीनं चाळला तर 80 थांबे होतात, 5 किलोहर्ट्झनं 400. सेकंदाला दहा थांबे घेणारा संच 400 थांब्यांची फेरी 40 सेकंदांत पुरी करतो, आणि तेवढ्यात कुणाचं ‘बरं, निघतो’ बोलून होतं. नवशिक्या हौसेनं शे-दोनशे चॅनेल भरतो आणि काहीच ऐकू येत नाही म्हणून संचाला नावं ठेवतो. दहा चॅनेल भरावेत, सतत खरखरणारे वगळावेत, आणि एकाला प्राधान्य द्यावं. मग संच अधूनमधून तिथं डोकावत राहतो.

जागेच्या बाबतीत धाराशिव जिल्हा नशीबवान आहे. व्हीएचएफ लहरी जवळजवळ नजरेसारख्या सरळ जातात. 100 मीटर उंचीवरून त्यांचं क्षितिज सुमारे 41 किलोमीटरवर, 200 मीटरवरून 58 किलोमीटरवर असतं. या जिल्ह्यातलं तुळजापूर बालाघाट डोंगररांगेच्या कडेवर आहे. घाट उतरला की खाली सोलापूरचा सपाट मुलूख, अंतर 45 किलोमीटरच्या आसपास. घरात मुका वाटणारा संच या कडेवर बोलू लागतो, त्यात कंपनीची करामत काही नसते. याच गणितानं दऱ्याखोऱ्यांत अँटेना बदलून फारसा फरक पडत नाही; टेकडी चढावी लागते.

2012च्या सुमारास या कुळात एक उपरा शिरला. टीव्ही बघण्यासाठी केलेल्या, संगणकाला लावायच्या स्वस्त यूएसबी काडीतून सगळ्या लहरींचा कच्चा माल बाहेर काढता येतो हे हौशी मंडळींच्या लक्षात आलं. ही काडी एका वेळी दोन मेगाहर्ट्झहून जास्त रुंदीचा पट्टा पडद्यावर मांडते. म्हणजे 144 ते 146 अख्खा एकदम दिसतो. एकेक चॅनेल फिरण्याचं कारणच उरत नाही. दुसरीकडून पोलिसांचे संच डिजिटल आणि सांकेतिक होत चालले आहेत, आणि त्यांच्यापुढे जुना स्कॅनर खरखरीपलीकडे काही देत नाही. ज्यांच्या गाडीत तो जन्मला त्यांनीच दार लावून घेतलं, असं म्हणायला हरकत नाही. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही.

शिकणाऱ्याला उरतं ते पुष्कळ आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून हॅमचा आवाज आणि कधीकधी चित्रंही 145.800 मेगाहर्ट्झवर येतात. स्थानक डोक्यावरून जायला जेमतेम दहा मिनिटं घेतं. जवळ येताना त्याची लहर साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत वर सरकते, दूर जाताना तेवढीच खाली. म्हणून 5 किलोहर्ट्झची पायरी असलेल्या संचात 145.805, 145.800 आणि 145.795 असे तीन चॅनेल ओळीनं भरून ठेवावेत, स्क्वेल्च पूर्ण सोडावा, आणि स्कॅन बंद करून ते हातानं बदलत जावेत.