हरिश्चंद्र बिराजदारांचं गाव

विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करताना होस्टेलवरची लातूरकडची पोरं एक नाव फार अभिमानाने घ्यायची: रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार. गेल्या शनिवारी नांदेडात होतो, म्हटलं एकदा त्यांचं गाव बघून यावं. निलंगा तालुक्यातलं रामलिंग मुदगड.

फोनच्या नकाशावर गाव सापडलं, पैलवानाच्या घराची खूण काही सापडली नाही. विचारत विचारत जायचं. फोटो टाकत नाही. कुणाच्या घराचा फोटो असा नेटवर टाकणं मला पटत नाही.

तसंही या पट्ट्यात कुणाचं बालपणीचं घर शोधणं सोपं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने निलंगा, औसा, उमरग्याकडची दगडमातीची घरं झोपवली. ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. इथे आठवण जागेपेक्षा माणसांच्या तोंडी जास्त टिकते.

आणि नावाचं काय? १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत बिराजदारांनी ८२ किलो गटात सुवर्णपदक जिंकलं. पण मी पाहिलेल्या विजेत्यांच्या याद्यांत तिथे नाव आहे 'हरीश राजिंद्र'! आमच्या भाषेत सांगायचं तर रेकॉर्ड आहे, पण की चुकलीय. 'बिराजदार' असं शोधणाऱ्याला ती ओळ दिसणारच नाही.

लोकांच्या यादीत मात्र ही चूक नाही. १९६९ चे महाराष्ट्र केसरी आणि १९७७ ला बेळगावात दिल्लीच्या सत्पालला हरवणारे बिराजदार, कुस्तीवेड्या माणसाला हे सांगावं लागत नाही. गंमत म्हणजे पुढे दोघेही वस्ताद झाले. सत्पालनी सुशीलकुमार घडवला. बिराजदारांनी पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत काका पवार, राहुल आवारे अशी पोरं घडवली. सप्टेंबर २०११ मध्ये बिराजदार गेले, तेव्हा राहुलला काका पवारांनी पुढे सांभाळलं. बीडच्या पाटोद्याच्या या पोराने २०१८ ला गोल्ड कोस्टमध्ये ५७ किलोचं राष्ट्रकुल सुवर्ण जिंकलं आणि ते आपल्या गुरूंना अर्पण केलं.

म्हणजे ४८ वर्षांच्या अंतराने गुरू-शिष्याची दोन सुवर्णपदकं. एकाच्या पुढे नाव बरोबर, दुसऱ्याच्या पुढे भलतंच.

घरावर पाटी लावणं आपल्या हातात नसेल, पण नाव दुरुस्त करणं आहे. तर मंडळी, नेटवर कुठे 'हरीश राजिंद्र' दिसला आणि तिथे बदल करायची सोय असली, तर पाच मिनिटं काढा. हरिश्चंद्र बिराजदार, रामलिंग मुदगड, जिल्हा लातूर. एवढंच लिहा.