तळटीप १४ : नाताळची पितळी डबी

येथे उल्लेख आहे तो डिसेंबर १९१४मधील भेटीचा. राजे पंचम जॉर्ज यांची सतरा वर्षांची कन्या मेरी हिच्या नावे त्या ऑक्टोबरात निधी उघडला गेला आणि त्यातून आघाडीवरच्या सैनिकांना नाताळासाठी पितळी डब्या गेल्या. झाकणावर मेरीची मुखाकृती. आत बहुधा तंबाखू, सिगारेटी, शुभेच्छापत्र. फ्रान्समधील हिंदी पलटणींसाठी मात्र वेगळा विचार झाला होता. शिखांना तंबाखू वर्ज्य, म्हणून त्यांना खडीसाखर आणि मसाल्याची डबी. गुरख्यांना गोऱ्या सैनिकांसारखीच भेट. इतर हिंदी शिपायांना सिगारेटी, खडीसाखर व मसाले. पलटणीबरोबरच्या नोकरचाकरांच्या वाट्याला मसाल्याची डबी व शुभेच्छापत्र एवढेच आले. ही उतरंड वाचकाने नजरेआड करू नये. तरीही चिखलाने भरलेल्या खंदकात, परक्या सणाच्या दिवशी, घरच्या मसाल्यांचा वास येणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हती. नुकत्याच, १९ ते २२ डिसेंबरला, झिव्हाँशीजवळच्या लढाईत हिंदी सैन्याची फार हानी झाली होती. नाताळच्या दिवशी काही ठिकाणी गोळीबार थांबला, तेव्हा गढवाल रायफल्सचे जवानही जर्मनांना सामोरे जाऊन भेटले. सर्व डब्या वेळेत पोहोचल्या नाहीत; वाटप युद्धानंतरही चालू होते.
— संपादक