रीळ-फितीवरील आवाज आणि त्यांचे अंकीय रूपांतर : अणदूर परिसरातील खंडोबा-परंपरेच्या संदर्भात

प्रस्तावना

धाराशिव जिल्ह्यातील (2023 पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा) तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद महामार्गावर अणदूर हे गाव वसलेले आहे. येथील खंडोबाची एक प्रथा महाराष्ट्रात बहुधा एकमेव असावी. देव एक आणि मंदिरे दोन, अशी ही व्यवस्था आहे. वर्षातील सुमारे सव्वादहा महिने देवाचे वास्तव्य अणदुरास, तर पावणेदोन महिने जवळच्या नळदुर्ग (मैलारपूर) येथे असते. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा नळदुर्गास भरते. देव नेण्या-आणण्यासंबंधी दोन्ही गावांच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो, ही या प्रथेतील इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय बाब होय.

करार कागदावर आहे. परंतु ज्या भक्तीमुळे या कराराची गरज निर्माण झाली, ती कागदावर नाही. ती वाघ्या-मुरळीच्या जागरणात, डिमडी-तुणतुण्याच्या साथीत आणि रात्रभर चालणाऱ्या कथागायनात आहे. मौखिक परंपरेच्या इतिहासकाराला त्यामुळे कागदाइतकाच ध्वनीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असा पुरावा मुख्यतः चुंबकीय फितीवर नोंदविला गेला. ही फीत आणि ती वाजविणारी यंत्रे आज अस्तंगत होत आहेत. तिच्यावरील ध्वनी अंकीय स्वरूपात आणताना इतिहासाच्या साधनात कोणते बदल घडतात, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

फितीचे आगमन

कागदी पट्टीवर लोहचूर्णाचा लेप देऊन ध्वनी साठविण्याची कल्पना फ्रिट्झ फ्लॉयमर याने जर्मनीत 1928 मध्ये मांडली. 1935 मध्ये बर्लिन येथील प्रदर्शनात ‘मॅग्नेटोफोन’ हे यंत्र लोकांसमोर आले. दुसऱ्या महायुद्धानंतर हे तंत्र अमेरिकेत पोहोचले आणि तेथून जगभरच्या नभोवाणी केंद्रांत रुजले. 78 फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटांचे गायन मावत असे. फितीने ही मर्यादा अर्ध्या तासापर्यंत आणि त्याहूनही पुढे नेली. लोकसाहित्याच्या अभ्यासाला याचा किती लाभ झाला, हे वेगळे सांगावयास नको.

महाराष्ट्रात नभोवाणीच्या काळाचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे ‘गीतरामायण’. ग. दि. माडगूळकर यांची रचना आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेली 56 गीते आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून 1955-56 या वर्षात प्रसारित झाली. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे आदी अनेक गायकांचे आवाज होते. पुढे घराघरांत पोहोचले ते प्रामुख्याने फडके यांच्या एकट्याच्या आवाजातील गीतरामायण. एकाच कृतीचे दोन ध्वनिरूप इतिहास असू शकतात आणि त्यांपैकी कोणता टिकेल हे कलेच्या गुणवत्तेपेक्षा वितरणावर अधिक अवलंबून असते, हे येथे स्पष्ट होते. फीत महाग असल्यामुळे जुने ध्वनिमुद्रण पुसून तिच्यावर नवे करण्याची रीत त्या काळी जगभरच्या नभोवाणी संस्थांत रूढ होती. जे उरले ते सर्वस्वी विचारपूर्वक राखले गेले, असे मानणे म्हणूनच धाडसाचे ठरेल.

लोकपरंपरेच्या बाबतीत तर अवस्था अधिकच विषम आहे. महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीने सरोजिनी बाबर यांच्या नेतृत्वाखाली विपुल गीतसंग्रह प्रसिद्ध केले. मराठवाड्यात प्रभाकर मांडे यांनी लोकसाहित्याचा शास्त्रीय पाया घातला. रा. चिं. ढेरे यांचा ‘खंडोबा’ हा ग्रंथ 1961 चा. या सर्व कार्याचे मोल मोठे आहे. तथापि ते प्रायः शब्दांचे जतन होय. गाणाऱ्याने कोठे श्वास घेतला, कोणत्या नावावर आवाज चढविला, मराठीतून कानडीत तो केव्हा गेला, हे छापील पानावर उतरत नाही. अणदूर-नळदुर्ग हा कर्नाटकाच्या सीमेलगतचा टापू आहे. मल्हारी आणि मैलार ही दोन नावे येथे शेजारी नांदतात. अशा ठिकाणी उच्चार हाच पुरावा असतो.

ध्वनिमुद्रणाचे महत्त्व ओळखून धनगर व खंडोबा-परंपरेत काम करणारे अभ्यासक म्हणून गुंथर-डिट्झ सोन्थायमर (1934-1992) यांचा उल्लेख अपरिहार्य आहे. त्यांचा बिरोबा, म्हसकोबा व खंडोबा यांवरील जर्मन ग्रंथ 1976 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी टेपवर घेतलेल्या धनगरी ओव्यांपैकी बिरोबा व धुळोबा यांच्या दोन दीर्घ कथा अ‍ॅन फेल्डहाउस यांनी रामदास आटकर व राजाराम झगडे यांच्या सहकार्याने इंग्रजी अनुवादासह 2014 मध्ये प्रकाशात आणल्या. म्हणजे संशोधकाच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी ही फीत ग्रंथरूपाने बोलली. फीत वाजण्याजोगी राहिली नसती, तर ते घडले नसते.

रिळाची लांबी आणि जागरणाची रात्र

ध्वनिमुद्रण म्हणजे घटनेची जशीच्या तशी प्रत, असा समज अभ्यासकांतही आढळतो. साधा हिशेब पाहिला तरी तो टिकत नाही. सात इंची रिळावर 1200 फूट फीत बसते. सेकंदाला साडेसात इंच या गतीने ती 32 मिनिटांत संपते. जागरण आठ तास चालले असे धरले, तर एका दिशेने ध्वनिमुद्रणास 15 रिळे लागतील. शिवाय खेड्यात नेण्याजोग्या, विजेऱ्यांवर चालणाऱ्या अनेक यंत्रांत पाच इंची रिळेच बसत. गती निम्मी केली की वेळ दुप्पट मिळे, पण ध्वनीचा दर्जा घसरे. परिणामी नमन केव्हा संपवावे, कोणती कथा घ्यावी, लंगर तोडण्याच्या वेळी रीळ शिल्लक असेल काय, हे निर्णय संशोधकाला आगाऊ घ्यावे लागत. उपलब्ध ध्वनिमुद्रणात मध्यरात्रीनंतरचा भाग विरळ दिसला, तर त्यावरून परंपरेविषयी अनुमान काढण्यापूर्वी फितीच्या डब्यांची संख्या मोजणे हितावह ठरेल.

रूपांतराची प्रक्रिया

फितीचा ऱ्हास तिच्या द्रव्यावर अवलंबून असतो. जुन्या अ‍ॅसिटेट फितीला आंबूस वास येऊ लागतो, ती आक्रसते व ठिसूळ होते. 1970 च्या दशकानंतरच्या काही पॉलिएस्टर फितींत लेप धरून ठेवणारे द्रव्य हवेतील ओलाव्याने विघटित होऊन चिकट बनते. अशी फीत वाजविताना लोहचूर्ण यंत्राच्या शीर्षावरच खरवडून येते. नियंत्रित उष्णतेत, सुमारे 50 अंश सेल्सियसला, काही तास ठेवल्यास ती तात्पुरती वाजते. हा उपाय सर्व फितींना लागू नाही. अ‍ॅसिटेट फितीस तो अपायकारकच ठरतो.

यानंतर प्रश्न येतो यंत्राचा. ज्या कोनात मूळ शीर्ष होते, त्याच कोनात वाजविणाऱ्या यंत्राचे शीर्ष प्रत्येक फितीसाठी जुळवावे लागते. अन्यथा झांजेचा झणत्कार बोथट होतो. अमेरिकी व युरोपीय यंत्रांची स्वरसंतुलनाची मानके भिन्न आहेत. गतीचा प्रश्न याहून नाजूक आहे. विजेऱ्या क्षीण झाल्या की ध्वनिमुद्रणाच्या वेळी यंत्र मंदावते आणि पुढे योग्य गतीने वाजविल्यावर गायकाचा आवाज अकारण उंच व घाईचा वाटतो. शहरातील फितीत विद्युतप्रवाहाची 50 आवर्तनांची गुणगुण सापडली, तर तिच्या आधारे मूळ गती ठरविता येते. वीज न पोहोचलेल्या खेड्यातील फितीत ती खूणही नसते. आवाजातील शुद्धता येथे तपासाच्या आड येते, हा योगायोग मौजेचा आहे.

आंतरराष्ट्रीय ध्वनी-अभिलेखागार संघाच्या 2004 मधील मार्गदर्शिकेने (सुधारित आवृत्ती 2009) 24 बिट खोलीची दाबरहित फाइल हा जतनाचा पाया मानला आणि सेकंदाला 96 हजार नमुन्यांची शिफारस केली. द्विमार्गी ध्वनीसाठी याला ताशी सुमारे दोन गिगाबाइट जागा लागते. जागा वाचविण्यासाठी अनेकांनी थेट एमपी-थ्री प्रती करून मूळ फिती निकालात काढल्या, ही चूक पुन्हा दुरुस्त होणारी नाही. मुख्य प्रतीत खरखर काढण्याचा मोह टाळावा, हा दंडकही तितकाच महत्त्वाचा आहे. जागरणात ‘येळकोट’चा गजर करणारा समुदाय, मागून सूर धरणाऱ्या स्त्रिया, मधूनच ऐकू येणारे कुत्र्यांचे भुंकणे यांतील ‘गोंगाट’ कोणता, हे आज ठरविण्याचा अधिकार कोणालाच नाही. श्रवणासाठी स्वच्छ केलेली प्रत निराळी ठेवता येते.

युनेस्कोने या संघासह हाती घेतलेल्या चुंबकीय फितींविषयीच्या प्रकल्पाने 2020 च्या अहवालात 2025 च्या सुमारास फिती वाजविण्याची नियमित सोय संपुष्टात येईल, असा इशारा दिला होता. ती मुदत आता उलटली आहे. यंत्रांचे सुटे भाग दुर्मीळ आहेत आणि शीर्ष जुळविण्याचे कसब असलेले तंत्रज्ञ निवृत्त होत आहेत.

अंकीय झाले म्हणजे सुरक्षित झाले, हेही खरे नव्हे. हेमा राईरकर व गी पॉयत्वाँ यांनी पुण्यातील संस्थेमार्फत जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. बर्नार बेल यांच्या सहभागाने 1990 च्या दशकात त्यांपैकी काहींचे ध्वनिमुद्रण डॅट या अंकीय फितीवर झाले. डॅट यंत्रांचे उत्पादन सोनीने 2005 मध्ये थांबविले. ओव्या वेळीच पुढील माध्यमात नेल्या गेल्या, म्हणून 2017 पासून त्या जनतेसमोर येऊ शकल्या.

आवाज कोणाचा

डब्यावरील चिठ्ठीत बहुधा संशोधकाचे नाव, गाव व तारीख असते. गाणाऱ्याच्या जागी ‘एक वाघ्या’ किंवा ‘मुरळी व साथीदार’ एवढेच. भारतीय प्रताधिकार कायद्यात कलावंताचे हक्क 1994 च्या दुरुस्तीने आले आणि 1999 मध्ये त्यांची मुदत 50 वर्षे झाली. परंतु नाव नसलेल्या कलावंताने हक्क मागावा कसा? मुरळीच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट होतो. मुली देवाला सोडण्याच्या प्रथेला कायद्याने बंदी आहे. एखाद्या जुन्या फितीत गाण्यांच्या मध्ये तिने आपल्या आयुष्याविषयी काही सांगितले असेल, तर ती फीत सर्वांसाठी खुली करताना तिच्या नातवंडांचाही विचार करावा लागेल. असा भाग जतन करावा, पण संमतीविना प्रसृत करू नये, ही भूमिका अधिक न्याय्य वाटते.

नाव मिळविण्याचा मार्ग प्रयोगशाळेत नाही. रूपांतरित प्रत घेऊन ती जेथे ध्वनिमुद्रित झाली त्या गावी जावे लागेल आणि वाघ्यांच्या घरांतील वृद्धांना ती ऐकवावी लागेल. आवाज ओळखू शकणारी पिढी फितीइतकीच वयस्क आहे. देवाच्या मुक्कामाचा करार करताना अणदूर व नळदुर्ग या गावांत मानकरी कोण आणि कोणत्या घराण्याचे, याची नोंद कटाक्षाने होते. गाणाऱ्यांचीही तशीच नोंद करावयाची झाल्यास, यात्रेच्या काळात जमणारे वाघ्या-मुरळीच हा तपास सुरू करण्याचे पहिले ठिकाण होय.